यादव झाडावर कशाला चढला

नाशिकरोड
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय शेवंता,

सप्रेम जयभीम.

'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. सासूनं सुनेला प्रिय लिहावं अशी रीत आमच्या वेळी नव्हती. माझी सासू मला 'ए' म्हणायची, आणि खुशीत असली की 'ए बाई'. पण पत्राची सुरुवात अशी करायची हे तूच मला शिकवलंस, चुलीपुढं पाटी धरून, तेव्हा आता तूच सोस. जोडाक्षरं अजून माझ्या हातात बसत नाहीत. बालवाडीतल्या पोरांच्या पाटीवर मारतेस तशा या कागदावर फुल्या मारत बसू नकोस. गौतमी शेजारी असेल तर तिला आधी खेळायला पाठव आणि मग निवांत बसून वाच. पत्र लांबणार आहे. एकदा सुरू झाले की मी थांबत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि या वेळी तर मला थांबायचंच नाही.

बातमी ही की झाड पाडलं. आपल्या अंगणातलं नारळाचं झाड मंगळवारी आडवं केलं आणि मग दोन दिवस खपून त्याचा बुंधा मुळासकट उकरून काढला. तिथं आता खड्डा आहे. सकाळी दार उघडलं की समोर नुसतं आभाळ दिसतं. अजून सवय नाही झाली, रोज दचकायला होतं.

ते झाड असेपर्यंत या अंगणात पाय ठेवणार नाही, असं तू म्हणाली होतीस. यादव गेला त्या वैशाखात तुला तिसरा महिना सरत होता. जलदानाचा विधी झाला आणि तुझा भाऊ सहादू तुला निफाडला न्यायला आला. मी स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. तू एस.टी.त खिडकीशी बसलेली, मी खाली. मी म्हटलं, बाई गं, डोहाळ्यानं कुणी मरत नसतं, डोक्यातून काढ ते. तू रडलीसुद्धा नाहीस. एवढंच विचारलंस, मग ते वर कशाला गेले, आई? मला उत्तर सुचलं नाही आणि गाडी सुटली. त्याला सात वर्षं होत आली. भाकरी थापताना, पाणी भरताना मला ती खिडकी दिसते. मी चौथी शिकले तीही तुझ्या जिवावर, पण तो प्रश्न तू मला विचारत नव्हतीस एवढं तर मला तेव्हाही कळलं होतं. तू स्वतःला फासावर चढवत होतीस. मला काही सुचलं असतं तर मी गाडीमागं धावले असते गं.

झाड पाडायचं मी संक्रांतीनंतर ठरवलं, आणि त्याला कारण सहादू. तो द्राक्षाच्या पेट्या घेऊन मार्केटला आला होता, घरी डोकावला. चहा पिता पिता गौतमीचं सांगायला लागला. पोर आठवडेबाजारात तुझं बोट धरून चाललेली, गारेगारवाला दिसला तशी म्हणाली, मला पाहिजे. आणि तू भर बाजारात तिच्या थोबाडीत मारलीस. वर म्हणालीस, मागायचं नाही, कुणाकडं काही मागायचं नाही. मग तूच मटकन खाली बसलीस आणि पोर तुला उठवत होती. सहादू म्हणाला, आक्का घरात पाणीसुद्धा मागत नाही, उठून घेते. वाढाल ते खाते, द्याल ते नेसते. आणि आता पोरगीपण तशीच झालीय, ताप आला तरी सांगत नाही. तो चहा पिऊन गेला. मी तिथंच बसून राहिले. सहा वर्षांची पोर मागायला घाबरते, का, तर तिच्या आईनं एकदा नवऱ्याकडं शहाळं मागितलं होतं. मला वाटलं, निदान ते झाड तरी नाहीसं करते, म्हणजे तुम्ही दोघी एकदा माझ्या अंगणात याल. बाकी काय करावं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या झाडाचा मला आधीपासून राग होता असं मात्र नाही, खोटं कशाला बोलू. यादव चार-पाच वर्षांचा असताना ह्यांनी ते लावलं. हे तेव्हा रेल्वेत गँगमन. ह्यांच्या गँगमध्ये राजापूरचे पांचाळ होते, ते गणपतीहून येताना दोन रोपं घेऊन आले, एक ह्यांना दिलं. नाशकात कुठं नारळ येतो का, म्हणून सगळी कॉलनी हसली. ह्यांनी हट्टानं न्हाणीचं पाणी त्याच्याकडं वळवलं आणि ते मेलं तरारलं. यादव त्याच्या बरोबरीनं वाढला म्हण. मोठा झाल्यावर त्यानंच बुंध्याला खाचा पाडल्या आणि खारीसारखा वर-खाली करायचा. खाली उभं राहून माझा जीव टांगणीला. आम्ही धर्म घेतला तेव्हाच देवापुढं नारळ फोडायचं संपलं होतं, त्यामुळं आपल्या घरात नारळाचं काम फक्त चटणीपुरतं. मोजके धरायचे, पण तेवढे पुरायचे. तू नवी नवरी आलीस तेव्हा त्याच्याच झावळ्यांचा खराटा मी तुझ्या हातात दिला होता. आठवतं? तू म्हणालीस, हा तर माझ्यापेक्षा उंच आहे. यादव ओसरीवरून हसला होता.

त्या दिवसाचं लिहायला हात चालत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सकाळी तुला उलट्या झाल्या. तू म्हणालीस, शहाळ्याचं पाणी मिळालं तर बरं वाटेल. माझ्यासमोर म्हणालीस, यादवसमोर, ह्यांच्यासमोर. यादव म्हणाला बघू, आणि एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात ड्युटीवर गेला. तिसऱ्या प्रहरी तो परत आला तेव्हा तू आतल्या खोलीत पडली होतीस आणि मी विहाराकडं गेले होते. हे एकटे अंगणात होते. मला बोलवायला पोरं पळत आली. मी आले तर यादव धुण्याच्या दगडाशेजारी पडलेला. त्याच्या डोक्याखालची माती मी पदरानं पुसत होते, कशाला पुसत होते कोण जाणे. माणसं जमली. कुणीतरी विचारलं, अरे पण हा ह्या वेळेला वर कशाला गेला? आणि तू दारात उभी राहून ओरडलीस, मीच म्हटलं होतं, मीच शहाळं मागितलं होतं. बस्स. तेवढंच लोकांना पाहिजे होतं. आमच्या वन्सं चिमणाबाई तर तेराव्या दिवशीही ओसरीत बसून म्हणत होत्या, पोरीच्या जिभेनं पोरगं खाल्लं. मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि पहिल्या गाडीनं वणीला धाडलं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलेनात.

माझा राग सगळा झाडावर. माणसावर काढायचा तर कुणावर काढू? तू तर पोटातल्या पोरीला घेऊन गेलीस, आणि हे असे मिटून गेले की दिवसातून चार शब्द बोलायचे नाहीत. मी म्हटलं, झाड तोडा. नाही म्हणाले. मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं, दोन दिवस चूल पेटवली नाही. नाही म्हणजे नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, विठाबाई, नारळ तोडू नये, पोटच्या पोरासारखा असतो. मी म्हणायचे, माझं पोटचं पोर त्यानं खाल्लं, आता तुम्ही मला त्याचं नातं सांगता का? एवढा धर्म बदलला तो काय नारळाला भ्यायला? पण ह्यांच्यापुढं माझं चाललं नाही. बरं, झाड ठेवायचं तर ठेवा, त्याचे नारळ तरी उतरवून घ्या, तर तेही नाही. कुणाला वर चढू द्यायचे नाहीत. गडी स्वतःहून विचारायला आला की काठी घेऊन उठायचे. पडतील तेव्हा पडतील म्हणायचे. शेजारणीच्या पत्र्यावर धाडकन नारळ आदळायचा, ती शिव्या द्यायची, हे खाली मान घालून ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, पोरगा पडला म्हणून दुसऱ्या कुणी चढलेलं ह्यांना बघवत नाही. बापाचं काळीज आहे. मला दया यायची गं.

मग मी एक उद्योग केला. हसशील. पण हस, तेवढंच एक हसण्यासारखं आहे या पत्रात. माहेरी ऐकलं होतं, झाडाच्या मुळाशी मीठ घातलं की झाड जळतं. चिंच म्हण, लिंब म्हण, उभं वाळतं. म्हटलं, हे तोडू देत नाहीत ना, मी आतून मारते. खड्याचं मीठ आणायचे आणि हे बाहेर गेले की आळ्यात ओतून वर माती सारायचे. पहिला पावसाळा गेला, काही नाही. दुसऱ्या वर्षी जास्त घातलं. पानं हिरवीगार झाली. मी म्हटलं, विझायच्या आधी दिवा मोठा होतो तसं असेल. तिसऱ्या वर्षी त्याला असे नारळ लागले की आख्ख्या कॉलनीत चर्चा. त्यानंतर एकदा पांचाळांची बायको आली होती. झाडाकडं बघून म्हणाली, काय गो, मीठ घालतंस वाटतं माडाला? आमच्याकडं घालतात, नाहीतर धरत नाही. माझं तोंड असं पडलं म्हणून सांगू. तीन वर्षं मी ज्याचा जीव घ्यायला बसले होते त्याला मी स्वतःच्या हातानं खायला घालत होते. ती गेल्यावर मी न्हाणीत जाऊन आधी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. त्या झाडाचा एकही नारळ मी घरात किसला नाही. पडले की पोरं उचलून न्यायची.

ह्यांचं तुला सहादूनं सांगितलंच असेल. दिवाळीनंतर उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. दोनच शब्द उरलेत, हो आणि नको. नाही म्हणायचं असलं तरी नकोच म्हणतात. खाट खिडकीशी टाकलीय, तिथून अंगण दिसतं. मी भरवते, पुसते, कूस बदलते. पेन्शन येते, त्याचं काही रडगाणं नाही. सहादू येऊन गेला त्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी उभी राहिले आणि सांगितलं, मी झाड पाडणार आहे. म्हणाले, नको. मी म्हटलं, तुमचं नको खूप ऐकलं, आता तुम्हाला उठून काठी घेता येत नाही. वाईट बोलले. पण बोलले.

पेठकडची दोन माणसं द्राक्षाच्या कामाला येतात, बुधा आणि सोमा, लाकूडही तोडतात. त्यांना बोलावलं. बुधानं झाडाभोवती दोन चकरा मारल्या आणि डोकं खाजवून म्हणाला, आई, आमच्याकडं साग हाय, ऐन हाय, ह्यो नारळ कधी तोडला नाय. तरी लागले कामाला. कुऱ्हाड मारली की बाहेरच्या बाहेर उडायची. करवत घातली तर काथ्यात अडकून बसायची. सोमा त्या जुन्या खाचांतून वर चढला, यादवनं पाडलेल्या खाचांतून, आणि मी घरात पळाले. मला नाही बघवलं. ह्यांच्या खाटेशी बसले तर हे खिडकीतून बघत, नको नको नको, एकसारखं, लाळ गळतेय, डावा हात हवेत. मी म्हटलं, अहो खाली उतरेल तो, काही होत नाही त्याला. मला वाटलं, त्यांना यादवच दिसतोय. मी त्यांचा हात धरून बसले. सोमा झावळ्या पाडून, दोर बांधून सुखरूप उतरला. मग दोघांनी मिळून दुपारपर्यंत झाड आडवं केलं. जमीन हादरली बाई. खिडकीची तावदानं वाजली. ह्यांचा आवाज एकदम बंद झाला.

त्यानंतर बुधा खोडाचे तुकडे करायला बसला. शेंड्याकडून बराच खाली आला आणि करवत कर्रकन वाजली. शिवी हासडून म्हणाला, आई, इथं तार हाय. मी म्हटलं, झाडात कसली तार? जाऊन बघितलं तर खोडाला तांब्याच्या तारेचे वेढे, हिरवे पडलेले, आणि त्यात चिनी मातीची पांढरी गोटी अडकवलेली. झाड वर वाढत गेलं, तार होती तिथंच राहिली. खालून कुणाला दिसणार? सोमानं चढताना बघितली होती म्हणे, पण आम्हीच बांधली असेल समजून तो बोलला नाही. मी तिथंच मातीत बसले. तारेची टोकं पकडीनं पिळलेली होती आणि आत दुमडलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. शेवंता, आपल्या मागच्या दारी कपडे वाळत घालायची तार आहे ना, जी तुझं लग्न ठरलं तेव्हा यादवनं बांधली, तिचीही टोकं अशीच आहेत. तुझ्या साड्या फाटू नयेत म्हणून दुमडतो म्हणाला होता. मी उठले, मागं जाऊन ती तार बघून आले, परत येऊन ही बघितली. दुसऱ्या कुणाचा हात नव्हता तो.

आता तुला रेडिओ आठवतो का बघ. ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतलेला मोठा रेडिओ, फळीवरचा. रुळावर विजेच्या तारा आल्यापासून आपल्याकडं कुठलंही स्टेशन लावा, नुसती खरखर. हे वैतागायचे. कुणीतरी सांगितलं होतं, एरियल उंच बांधा, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. तारेची वेटोळी खाटेखाली कितीतरी दिवस पडली होती, झाडताना माझ्या पायात यायची. यादव गेल्यानंतर ती तार मला कधी दिसली नाही. मीही शोधली नाही, तेव्हा कुणाचं लक्ष होतं? आणि रेडिओ त्या दिवसापासून बंद आहे. मी त्यावर फडकं शिवून घातलं. लोक म्हणायचे, बघा, पोरगा गेल्यापासून ह्यांनी गाणं ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसत होती आणि एकाही माणसाला दिसली नाही. शहाळं उतरवायला माणूस कोयता घेऊन चढतो. त्या दिवशी अंगणात कोयता नव्हता. तो चुलीमागं खुंटीला होता, संध्याकाळी कुणीतरी त्यानंच तिरडीचे बांबू तोडले तेव्हा मीच काढून दिला. यादवच्या खिशात पक्कड निघाली होती. पण पक्कड त्याच्या खिशात कधी नसायची? पॉवर स्टेशनात काम करणारा पोरगा, झोपतानासुद्धा उशाशी पक्कड. म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

मी ती तार घेऊन आत गेले आणि ह्यांच्या छातीवर ठेवली. खाटेशी स्टूल ओढलं. म्हटलं, दोन शब्द उरलेत ना तुमच्याजवळ, तेवढे पुरेत. मी विचारलं, एरियल बांधायला तुम्ही त्याला वर पाठवलं? म्हणाले, हो. मी विचारलं, तो शहाळं काढायला चढला होता का? म्हणाले, नको. मी विचारलं, तुम्ही खाली तार धरून उभे होतात? हो. तो पडल्यावर लोक यायच्या आधी लोंबती तार ओढून तोडून तुम्ही लपवली? हो. मग मला विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. शेवंता दारात उभी राहून सगळं आपल्यावर घेत होती तेव्हा तुम्ही ऐकत होतात? त्यांनी मान खिडकीकडं वळवली. डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं. मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. हो म्हणाले.

एवढ्या वर्षांत मी ज्याला बापाचं काळीज समजले ते हे होतं. त्या माणसाला कुणी वर चढायला नको होतं, कारण वर ती तार होती. त्या दिवशी मी त्यांना जेवू घातलं नाही. शेजारणीला सांगितलं, तू भरव, माझा हात उठत नाही. दुसऱ्या दिवशी भरवलं. काय करू? मी घास दिला नाही तर तो माणूस उपाशी मरेल, आणि तसं मरू द्यायचं धाडस माझ्यात नाही. पण एक सांगते, मी त्यांना माफ केलेलं नाही आणि तूही माझ्याखातर करू नकोस. तार बांध म्हणणं हा गुन्हा नव्हता. बापानं पोराला काम सांगितलं, पोराचा पाय निसटला. तू पाणी मागितलंस तोही गुन्हा नव्हता. गुन्हा तो नंतरचा. पोटुशी पोर छाती पिटून म्हणतेय मीच मारलं, आणि हा म्हातारा भिंतीला टेकून बसलाय, एक शब्द काढत नाही. त्या एका शब्दानं तुझी सात वर्षं वाचली असती. आणि तेव्हा तर त्यांची वाचा धड होती.

तुला लिहिणार म्हणून सांगितलं तर म्हणाले, नको. मी कागद काढला, नको. शाई भरली, नको. मी खाटेशी बसूनच लिहिते आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर. आत्ता इथपर्यंतचं वाचून दाखवलं. हो म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत, भिंतीकडं तोंड केलंय. तार मी तुझ्यासाठी पिशवीत घालून ठेवली आहे. तुला हवी असेल तर देईन, नको असेल तर नदीला सोडेन.

तर शेवंता, स्टँडवर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मला मिळालं आहे. तो रेडिओची तार बांधायला वर गेला होता. तुझ्यासाठी गेला नव्हता. हे एकदा वाच, दोनदा वाच, मोठ्यानं वाच. हे पत्र मी त्याचसाठी लिहिलं, आणि अजून एका गोष्टीसाठी. तू इकडं ये असा माझा आग्रह नाही. त्या माणसाचं तोंड बघायचं नसेल तर नको येऊस, मी समजेन. मला उलट टपाली खुशालीच्या चार ओळीही नकोत. मला तू काहीतरी माग. लुगडं माग, लोणचं माग, यादवचा फोटो माग, ह्यांना सोडून निफाडला येऊन राहा असं माग. मला झेपणार नाही असंही काही माग. आणि गौतमीला जवळ घेऊन विचार, तुला काय पाहिजे, आणि ती जे म्हणेल ते तिच्याच अक्षरात खाली लिहायला लाव. भिऊ नकोस गं पोरी. माझ्या अंगणात आता चढायला झाड उरलेलं नाही.

तुझीच,
आई